पोटातलं कोडं

शब्दकोड्याच्या जागी सुडोकू होतं. सहदेवनं पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं, वरच्या कोपऱ्यात तारीख वाचली. रविवारचीच पुरवणी होती. वर्तमानपत्र तेच, राशिभविष्य तेच, शेजारी भरल्या वांग्यांची पाककृतीही तीच, जी काल संध्याकाळी अमरावतीच्या कार्यालयात त्यानं पानावर लागलेली स्वतः पाहिली होती. फक्त डावीकडे खाली, जिथं दर रविवारी त्याचं कोडं असायचं, तिथं आकडे बसले होते. अकोल्यात जठारपेठेतल्या त्या टपरीवर तो खरं तर चहा प्यायला थांबलाच नव्हता. आजारी भावाचं घर दोन गल्ल्या सोडून होतं आणि तिथवर जायला पाय उचलत नव्हते म्हणून तो बाकावर टेकला होता. पेपर समोर पडलेला होता म्हणून उचलला. आता चहावर साय धरली तरी त्याचा हात पानावरून हलेना.

"भाऊ, यात शब्दकोडं येत होतं ना?" त्यानं टपरीवाल्याला विचारलं.

"शब्दकोडं? नाई बा. हे आकड्याचंच येते. मी टपरी टाकली तवापासून पाहून राहिलो."

"कधी टाकली टपरी?"

"झाली असतीन दहा-बारा वर्सं. कावून?"

सहदेवनं खिशातून फोन काढून अमरावतीला लावला. पुरवणीचं काम बघणारी हर्षा नावाची मुलगी होती, गुणाची, त्याला सर म्हणायची. ती झोपेतून उठल्यासारखी बोलली. "सर, पुरवणीचं ते पान आवृत्तीनुसार बदलते ना. अकोल्याचं वेगळं लागते. तुमचं कोडं अमरावती आणि यवतमाळले जाते फक्त. पहिल्यापासूनच." मग जरा थांबून, "का सर, काही चुकलं का?" सहदेव म्हणाला, नाही, काही नाही, सहज विचारलं. आणि फोन खिशात ठेवून त्यानं ते पान पुन्हा एकदा उलटून पाहिलं.

सात-आठ वर्षं. दर आठवड्याला एक. शाळेतून निवृत्त झाल्यावर मराठीच्या मास्तरनं करायचं काय, म्हणून कुणी तरी त्याला कोडी रचायला सांगितलं असं लोकांना वाटायचं. आशाबाईलाही, त्याच्या बायकोला, तसंच वाटायचं. अमरावतीला साईनगरातल्या त्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर तो चौकटी आखत बसला की ती म्हणायची, तुमचा खेळ आवरा, ताटं मांडायची आहेत. पण तो खेळ नव्हता. प्रत्येक कोड्याच्या पोटात तो एक दुसरं कोडं ठेवत असे. वरवर आडवे-उभे शब्द, कुणालाही सुटतील असे. पण आडवे शब्द नुसते एकाखाली एक वाचले तर त्यातून एक गोष्ट निघायची, आणि ती गोष्ट साऱ्या जगात एकाच माणसाला कळण्यासारखी होती. एकदा त्यानं बाळापूर रोडवरच्या त्यांच्या जुन्या मळ्याची वाट मांडली होती: नाला, चिंच, पायरी, मोट, वाफा. एकदा आईच्या तोंडचे शब्द. एकदा समेट, सांधा, पूल, कलम, दवा. त्यातल्या शेवटच्या शब्दाचं सूत्र त्याला फार आवडलं होतं. 'वाद उलटवला की औषध होते, दोन अक्षरं.' ते लिहून झाल्यावर तो कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याला वाटलं होतं, आता रविवारी सकाळी अकोल्यात दादा चष्मा नाकावर घेऊन बसेल, पेन्सिल कानामागून काढेल, आणि हे सूत्र वाचून एक क्षण थांबेल. त्या थांबण्याचं चित्र त्यानं इतक्या वेळा पाहिलं होतं की ते घडलेलंच होतं. दादाच्या पांढऱ्या भुवया, पेन्सिलीचं दातांनी चावलेलं टोक, सगळं. आता टपरीच्या बाकावर बसून त्याला कळत होतं की दर रविवारी त्या वेळी दादानं फार तर एखादा सहाचा आकडा रिकाम्या घरात भरला असेल.

शब्दांचा नाद दोघांना एकाच ठिकाणी लागला होता, मंदिराबाहेरच्या बापाच्या फुलांच्या दुकानात. रद्दी किलोवर यायची आणि ओल्या फडक्याखालची फुलं तिच्यात बांधून दिली जायची. चंद्रभान मोठा, सहदेवचा दादा, त्याची बोटं गाठी मारण्यात तयार. सहदेव पुडे बांधायचा. कागद फाडताना कोडं दिसलं की चंद्रभान तो तुकडा मांडीखाली सरकवायचा. गिऱ्हाईक ओसरलं की दोघं डोकं लावून बसायचे. अर्धी सूत्रं फाटून गेलेली, उरलेली शेवंतीच्या पाण्यानं फुगलेली. आणि उत्तरं तर पुढच्या आठवड्याच्या अंकात, म्हणजे बहुतेक कुणाच्या तरी देवघरात पोचलेली. त्यामुळं बरोबर काय नि चूक काय हे त्यांना कधी कळलंच नाही. "आपुन म्हनू तेच उत्तर," चंद्रभान म्हणायचा. "त्याईनं छापलं म्हनून का ते खरं झालं?" मग ते स्वतःच सूत्रं रचायला लागले. पहिलं जे चांगलं जमलं ते चंद्रभानचं होतं. हातात झेंडूची माळ, तोंडात दोरा, आणि दोऱ्याच्या फटीतून तो बोलला होता: "गळ्यात पडला तर मान, पदरात पडली तर अपमान. दोन अक्षरं." सहदेवला ते सुटायला दुपार लागली. हार. तो हार आणि ती हार. माळ्याच्या पोरांना रोज हातात असलेला शब्द, आणि त्याच्या पाठीमागे दुसरा शब्द उभा आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून सहदेवला कुठलाही शब्द एकटा दिसेनासा झाला. पुढं तो मराठीचा मास्तर झाला ते त्या दुपारमुळं. पण असा विचार त्यानं आजवर कुणापाशी बोलून दाखवला नव्हता, चंद्रभानपाशी तर नाहीच.

आणि तोच शब्द त्यानं दादाच्या अंगावर फेकला. श्यामच्या लग्नात. श्याम चंद्रभानचा एकुलता मुलगा. त्याच हिवाळ्यात चंद्रभान नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहिला होता आणि पडला होता, थोडाथोडका नव्हे, ज्या गल्लीत फुलं विकली त्या गल्लीनंही त्याला मत दिलं नव्हतं. तरी लग्नात तो ताठ उभा होता, फेटा बांधून. व्याह्यांना घालायचे हार आले, मोठमोठे, घरच्याच फुलांचे. कुणी तरी सहदेवच्या हातात माईक दिला. काकानं दोन शब्द बोलावेत. सहदेवनं तयारी केली नव्हती. तो बोलला ते आपसूक जिभेवर आलं, चेंडू टप्पा खाऊन हातात यावा तसं: "मंडळी, हार कितीही घाला. आमच्या दादाच्या घरी हार काही नवीन नाही." मांडवभर हशा पिकला. सगळ्यांना कळलं होतं. इतकं स्वच्छ, इतकं बेमालूम सूत्र त्यानं पुन्हा कधी रचलं नाही. आणि तेवढ्या हशात त्यानं चंद्रभानकडं पाहिलं, कौतुकासाठी. हो, कौतुकासाठीच. त्याला खरोखर वाटलं होतं की दादा हसेल, कारण शब्द मूळचा दादाचा होता. चंद्रभान हसला नाही. रागावलाही नाही. त्यानं हातातला हार हळूच टेबलावर ठेवला, कडा नीट लावून, गिऱ्हाइकासाठी ठेवतात तसा. त्यानंतर तो सहदेवशी बोलला नाही. फोन उचलला नाही, दारात गेल्यावर आतल्या खोलीत निघून गेला. भाऊबंदकीला शेताचा बांध लागतो, घराची भिंत लागते. यांच्यात तसं काहीच नव्हतं. लोक विचारायचे, कशावरून? आणि सहदेवला सांगता यायचं नाही. दोन अक्षरांवरून, असं कसं सांगणार?

तो उठला. चहाचे पैसे ठेवले. गल्ल्या ओलांडताना त्याला एकदाच आधार वाटला, तो एका आठवणीचा. तीन-चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमाराला त्यानं फुलांचं कोडं केलं होतं, झेंडू, शेवंती, निशिगंध, अबोली. अबोलीचं सूत्र होतं, 'बोलत नाही, तरी वेणीत हवी.' आणि त्याच आठवड्यात अकोल्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी गाडीतून शेवंतीची एक मोठी करंडी घरी आली होती. चिठ्ठी नाही, निरोप नाही. सहदेव त्या करंडीपाशी जमिनीवर बसून रडला होता आणि आशाबाई घाबरली होती. म्हणजे कुठून तरी, कसं तरी, ते एक कोडं तरी दादापर्यंत पोचलं असणार. कुणी अमरावतीचा अंक नेला असेल. तसं होतं कधी कधी. ही एवढी एक गोष्ट मुठीत धरून तो दारात उभा राहिला.

दार इंदूबाईनं उघडलं, वहिनीनं. तिचे केस पार पांढरे झाले होते. ती रागावली नाही, रडलीही नाही. "या भाऊजी," म्हणाली. "लई उशीर केला."

चंद्रभान बैठकीतल्या पलंगावर होता, दोन उशांना टेकवलेला. लकवा उजव्या अंगावरून गेला होता. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला, उजवा हात कुणी दुसऱ्यानं आणून ठेवल्यासारखा मांडीवर. पण डोळे तेच होते. डोळ्यांनी सहदेवला पाहिलं, ओळखलं, यात शंका नव्हती. सहदेव पलंगाजवळ गेला.

"दादा," तो म्हणाला. "मी आलो."

चंद्रभानचे ओठ हलले. जीभ आत कुठं तरी अडखळली आणि मग स्वच्छ, ठासून शब्द आला. "किदमा."

"काय म्हणून राहिला दादा?"

"किदमा. किदमा."

आणि सहदेवच्या डोक्यात, त्याच्या परवानगीशिवाय, चौकटी आखल्या गेल्या. तीन अक्षरं. उलटं केलं तर मादकि. पहिलं अक्षर शेवटी नेलं तर दमाकि. तोडलं तर, की दमा. दमा! आई दम्यानं गेली होती, या दोघांच्या हातात, याच घरात. दोघांनी मिळून शेवटचं जे काही केलं ते तेवढंच, आईचं दुखणं काढणं. तो पलंगाच्या काठावर बसला आणि दादाचा चांगला हात धरून म्हणाला, "आईचं म्हणून राहिला का तू? आईचा दमा?" चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. सहदेवनं तो हात आणखी घट्ट धरला. तेवढ्यात मागून इंदूबाई पदरानं दादाचं तोंड पुसायला वाकली आणि सपाट आवाजात म्हणाली, "ते काही नाई भाऊजी. पान्याले बी किदमाच म्हनते. लघवीले बी किदमा. मले बी. डाक्टर म्हने, डोक्यातले सारे शबुद गेले, तेवढा एक राह्यला, अन् त्याले बी अर्थ नाई. डोळ्याले पानी त येतच रायते."

दुपारी श्याम आला, कामावरून जेवायला. काकाला पाहून थबकला, वाकून पाया पडला. सगळे जेवायला बसले. पंखा फिरत होता आणि पलंगावरून मधूनमधून तो शब्द येत होता, कधी विचारल्यासारखा, कधी वैतागल्यासारखा. सहदेवनं वहिनीकडं दोनदा पाहिलं. शेवटी त्यानं विचारलंच. मुद्दाम सहज आवाजात, भाकरी मोडता मोडता. "वहिनी, मागं एकदा दसऱ्याले शेवंती पाठवली होती दादानं. मोठी करंडी."

"ते मी पाठवली," इंदूबाई म्हणाली. "त्याईले सांगतलं बी नव्हतं. मन त दरसाली होये, पन न्यायले कोनी भेटे नाई. त्या साली शेजारच्याची गाडी जात होती अमरावतीले." आणि थोड्या वेळानं, त्याचा चेहरा पाहून, "कावून? सडली होती का फुलं?"

"नाही. चांगली होती," सहदेव म्हणाला.

जेवणानंतर सगळे आवराआवरीला लागले तेव्हा तो पुन्हा दादाजवळ जाऊन बसला. बाहेर रस्त्यावर एक भाजीवाली मेथीच्या अन् सांबाराच्या, कोथिंबिरीच्या, जुड्या घ्या म्हणून ओरडत गेली. त्यानं हळू आवाजात सुरुवात केली. पाठच होती त्याला ती कोडी. त्यानं मळ्याची वाट सांगितली, आईचे शब्द सांगितले, वाद उलटवून दाखवला. कुठलं सूत्र कोणत्या आठवणीतून काढलं, कुठं अडलं, कुठं दादा हसेल असं वाटलं, सगळं सांगत गेला. चंद्रभान त्याच्या ओठांकडं बघत होता, एकटक, परदेशी माणसाकडं बघावं तसं. त्याला त्यातलं काही कळतं का हे डॉक्टरलाही नक्की सांगता आलं नव्हतं. शेवटी सहदेवनं ते जुनं सूत्र म्हटलं, त्याचंच, दोऱ्याच्या फटीतून बोललेलं. "गळ्यात पडला तर मान, पदरात पडली तर अपमान. सांग दादा. दोन अक्षरं."

"किदमा," चंद्रभान म्हणाला.

तीन झाली, असं सहदेवच्या मनात आलं. एक घर जास्त. आणि आपल्या मनात हेच यावं याची त्याला अशी किळस आली की तो उठून मोरीपाशी गेला आणि उगाच तोंडावर पाणी मारत राहिला. आयुष्यभर त्यानं पोरांना शिकवलं होतं की शब्दाच्या पाठीमागं बघा. आता एक शब्द समोर होता, आणि त्याच्या पाठीमागं कुणी उभं नव्हतं. किंवा उभं होतं आणि त्याला दार नव्हतं. दोन्हींत कोणतं जास्त भयंकर, ते त्याला ठरवता येईना.

त्यानंतर तो दर आठवड्याला यायला लागला. सकाळच्या बसनं मूर्तिजापूरमार्गे यायचं, संध्याकाळी परत. आशाबाई डब्यात काहीबाही द्यायची. तो दादाला भरवायचा, उजवा हात चोळायचा, बोलायला शिकवणाऱ्या बाईनं दिलेली चित्रं दाखवायचा. पाणी. भाकर. इंदू. चंद्रभान चित्र बघायचा आणि किदमा म्हणायचा. सहदेवला कधी वाटे की आज त्याच्या नजरेत राग आहे, कधी वाटे की माया आहे. एकदा चांगल्या हातानं त्यानं सहदेवचा सदरा धरला होता, छातीजवळ, घट्ट. आणि तो ओढतो आहे की लोटतो आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. परतीच्या बसमध्ये सहदेव सगळा रस्ता त्या मुठीचा अर्थ लावत राहिला. कोडी करणं त्यानं बंद केलं नव्हतं. पण आता त्यांच्या पोटात काही नसायचं, आडवे शब्द आडवे, उभे शब्द उभे. हर्षा म्हणाली, सर, हल्ली लोकांले पूर्ण सुटते, फोन येतात. तो बरं म्हणाला.

मग एका सोमवारी, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, तो नेहमीसारखा पोचला. चपला काढल्या, पिशवी ठेवली, पलंगासमोरच्या खुर्चीत बसला. चंद्रभान त्या दिवशी वेगळा दिसत होता. चेहऱ्यावर कष्ट होते, जड पोतं उचलायच्या आधी हमाल श्वास घेतो तसे. ओठ मिटले, उघडले. जीभ वर गेली, टाळूला लागली, घसरली. पुन्हा लागली. सहदेव पुढं झुकला. इंदूबाई दारात तांदूळ निवडत होती, तिचेही हात थांबले.

"जा," चंद्रभान म्हणाला.

स्वच्छ होतं. पूर्वीचा आवाज होता, दुकानातला, भारदस्त. डोळे सहदेवच्या डोळ्यांवर होते.

इंदूबाईच्या हातातलं सूप जमिनीवर पडलं. "बोलले!" ती ओरडली. "अगो माय, बोलले! श्याम, ये श्याम, बाप बोलला तुवा!" श्याम आतून धावत आला, त्याची बायको आली, शेजारची पार्बताबाई ओले हात पुसत आली. इंदूबाई रडत होती आणि हसत होती, चंद्रभानच्या कपाळावरून हात फिरवत होती. घरात साखर वाटली गेली. पार्बताबाई म्हणाली, एक आला का बाकीचे मागून येतेच, आमच्या जेठाचं, मोठ्या दिराचं, तसंच झालं. श्याम फोनवर कुणाला तरी सांगत होता, हो, शब्द, खरा शब्द, सगळ्याईनं ऐकला. सहदेवच्या तळहातावरही कुणी चिमूटभर साखर ठेवली आणि त्यानं ती तोंडात टाकली.

त्याचं मन सवयीनं कामाला लागलं. जाई असेल. जास्वंद असेल, पुढची अक्षरं गळली असतील. जागा, जानकी, जायचं आहे मला. पण ते सगळं फार लांबचं होतं आणि त्याला ते माहीत होतं. एका अक्षराचा शब्द. तो उलटा होत नाही, तुटत नाही, त्याच्या आत काही ठेवता येत नाही. इतक्या वर्षांत दादानं त्याला दिलेलं हे पहिलं उत्तर होतं, आणि त्यासाठी त्या माणसानं मोडलेल्या डोक्यातून कुठून कुठून वाट काढली असेल, किती आठवडे तो या एका अक्षरासाठी धडपडला असेल, हे सहदेवइतकं त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं. त्यानं पिशवी उचलली. दाराकडं वळला.

"अन् कुठी चालले?" इंदूबाईनं त्याचा दंड धरला. तिचा चेहरा कितीतरी वर्षांनी उजळला होता. "तुमाले पाहूनच बोलले ते. तुमी समोर बसले अन् आवाज फुटला. आता हालू नका भाऊजी तुमी, पाया पडतो तुमच्या. बसा असे, त्याईच्या नजरेसमोर. रोज या. इथंच राहा पाह्यजे तर."

"जा," पलंगावरून पुन्हा आलं, या वेळी जरा सोपं.

"पाहा! पाहा!" इंदूबाई म्हणाली.

श्यामनं खुर्ची पलंगाच्या अगदी जवळ सरकवली. सहदेव तिच्यात बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि दादाला नीट दिसावं म्हणून चेहरा उजेडाकडं केला.